सरकीचा उजवा कान

आधी वास आला.
ओल्या गंजीत आतून तापलेल्या कापसाचा येतो, तसा.
पण त्या रात्री जिनिंगमध्ये एकही गंजी ओली नव्हती.
बॅटरी मारली तर सरकी डोकं तिरकं करून उभी,
उजवा कान खाली, आतून चॉकलेटी, चिकट,
आणि झाडायली, झाडायली,
गेटच्या पत्र्यावर कानाचे फटके.

औषध सगळ्यांनी सांगितलं.
हमाल म्हणाले, मुंजाजी, लसूण तळ, तेल सोड गरम.
काट्यावरचा पोरगा म्हणाला, हळद.
एक ट्रकवाला तर डिझेलच म्हणाला.
खय्यूम फिटर काही बोलला नाही.
त्यानं गाडीला किक मारली,
सरकीला मधी घेतलं
आणि पाथरी रस्त्यानं आम्ही तिघं मानवतच्या दवाखान्यात.

डॉक्टरबाईंनी नळीतून आत पाहिलं, लई वेळ.
पडदा शाबूत आहे, म्हणाल्या.
फाटला असता, तर तुमचं तेल कुठवर गेलं असतं माहीत आहे का?
मी मान हलवली. कोणाला माहीत असतंय.

मग चिठ्ठीवर औषधांच्या खाली त्यांनी लिहिलं, कापूस.
मला हसू आलं.
म्हणलं बाई, माझ्या पाठीमागं चार हजार क्विंटल पडलाय.
तो पाणी पीत नाही, म्हणाल्या, मेणकट असतो, टाकून बघा.
रात्री बादलीत मूठभर टाकला.
तासभर तरंगत राहिला, कोरडा.
वीस वर्षं राखण केली याची,
आणि याला तहान नसते
हे कळायला कुत्रीचा कान नासावा लागला.

म्हणून मेडिकलमधला, निळ्या कागदातला.

रोज दोनदा.
खय्यूमची नौशीन तिचं तोंड मांडीत धरते.
मी धुवायची बाटली आधी मुठीत घेऊन बसतो,
गार धार गेली तर ती चावणार, तिचं काय चुकलं.
पाळी वर उचलायची. कान भरेस्तोवर सोडायचं.
मुळाशी अंगठ्यानं चोळायचं,
पचपच ऐकू आलं पाहिजे, असं बाईंचं म्हणणं.
मला डावीकडून काही येत नाही,
तो कान मशिनींनी खाल्ला, उजव्यालाही अर्धंच.
मला पचपच अंगठ्यात कळते.
नौशीन म्हणते, आया मामू, आया आवाज.
मग सोडायचं. झाड बाई.
ती झाडते आणि आम्ही दोघं ठिपक्याठिपक्यांचे.
कापूस बोटाला गुंडाळून, दिसतं तेवढंच पुसायचं.
काडी नाही. काडी घाण आत लोटते.
मग जरा थांबून थेंब, मोजून पाच.

पाचव्या दिवशी वास गेला.
चाळीस गाड्या उभ्या होत्या, मी बाटली फळीवर ठेवली.
आठव्या दिवशी वास परत आला.
नौशीननं माझ्याशी बोलणं टाकलं.
डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत,
फक्त चिठ्ठीवरचा चौदाचा आकडा पुन्हा गिरवला,
कागद फाटेस्तोवर.
निघताना विचारलं, तुमचे कान कधी दाखवलेत?
म्हणलं, मी कुठं डोकं झाडतो.

पुन्हा एकपासून.
हौदावर फळ्या टाकल्या, तिला पाण्यात बसायची खोड.
अकराव्या रात्री दोनच्या सुमारास ती उठली.
तिचा कान उभा राहत नाही, लोंबता आहे,
नुसतं मूळ हललं.
मी किल्ली घेतली.
रस्त्यावर काहीच नव्हतं.
बऱ्याच वेळानं पाथरीकडून दिवे आले.

सोमवारी मॅनेजर गेटचं रजिस्टर तपासतो.
हे काय, गाडी नंबरावर डाग?
औषधाचे, म्हणलं.
पुसून घ्यायचे ना.
म्हणलं साहेब, अजून तीन दिवस पडतील.